सील केलेल्या अंगणाच्या काँक्रीटवर पांढरा लोणा फुटला आहे; वरून आणखी एक हात मारावा का?

अंगणवासी, जुळे सोलापूर (१४ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. आम्ही यंदा जुळे सोलापुरात घर बांधले. घरापुढे साधारण ६५० चौरस फुटांचे अंगण आहे. तिथे फरशी न बसवता चार इंच जाडीचा काँक्रीटचा कोबा करून त्यावर दगडी फरशीचा ठसा उमटवून घेतला, ज्याला सगळे स्टॅम्प काँक्रीट म्हणतात. रंग गडद तपकिरी निवडला. काम मेच्या अखेरीस झाले, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वास्तुशांत ठरलेली असल्यामुळे ठेकेदारांनी अकराव्या दिवशीच त्यावर चकाकीच्या ॲक्रिलिक सीलरचे, म्हणजे वरून पारदर्शक पापुद्रा धरणाऱ्या लेपाचे, दोन हात दिले. वास्तुशांतीच्या दिवशी अंगण नुकतेच धुतल्यासारखे चमकत होते आणि आलेला प्रत्येक पाहुणा घरात शिरण्याआधी खाली बघत होता.

जून-जुलै कोरडेच गेले. सप्टेंबरात मात्र आपल्याकडे पडतो तसा चांगला पाऊस झाला आणि नवरात्रात ऊन पडल्यावर आठवड्याभरात अंगणाचा रंग पालटला. तुळशीवृंदावनाभोवती हातभर रुंदीचे पांढुरके कडे उमटले आहे, कंपाउंडच्या भिंतीलगत गेटपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत पिठूळ पट्टा दिसतो, पाण्याच्या हौदाच्या झाकणाभोवतीचा भाग दुधाळ झाला आहे आणि पायऱ्यांवरही पांढरे डाग आहेत. सासूबाईंना आधी वाटले की रांगोळी पावसाने पसरली असेल, म्हणून आम्ही दोघींनी खराट्याने घासून अंगण धुतले. ओले असेपर्यंत सगळे छान दिसले आणि दुपारी वाळल्यावर पांढरेपणा होता तिथे परत आला.

ठेकेदारांचे म्हणणे आहे की सीलरचा आणखी एक हात मारला म्हणजे हे दबून जाईल. खर्चाची माझी तयारी आहे, परंतु पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच होणार असेल तर आधी कारण समजून घ्यावे असे वाटते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


थापी_आणि_रंधा (१४ ऑक्टोबर)

ताई, नमस्कार. आमच्या घरात गवंडीकाम तीन पिढ्यांचे आहे, त्यामुळे आधी एवढेच सांगतो की कारण कळेपर्यंत वरून काहीही मारू देऊ नका.

तुम्ही ज्याला पांढरा डाग म्हणता त्याला आमचे आजोबा लोणा म्हणत. जुन्या माळवदाच्या घरांत जोत्यापासून हात-दोन हात उंचीपर्यंत भिंत पांढरी पडत असे, हात लावला की पीठ झडत असे, आणि घरमालक दर दिवाळीला त्यावर चुन्याचा नवा हात देऊन तो झाकत असे. पुढच्या पावसाळ्यात लोणा चुन्यासकट गळून पडायचा. भिंत आणि कोबा या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी ओल चढते, ओलीबरोबर क्षार चढतात आणि पाणी उडून गेल्यावर क्षार मागे राहतात, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

आता काही प्रश्न विचारतो. काँक्रीट कालवायला आणि नंतर मारायला पाणी नळाचे होते की बोअरचे? कोब्याखाली मुरूम आणि सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, किती आहे, आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता का? पाणी गेटकडे वाहते की मध्ये साचते? भिंतीच्या पलीकडे काय आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. हा पांढरेपणा सीलरच्या वर बसला आहे, सीलरमध्येच आहे, की सीलरच्या खाली आहे?


अंगणवासी (१४ ऑक्टोबर)

दादा, तत्पर उत्तरासाठी आभार. नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे बांधकामाचे सगळे काम बोअरच्या पाण्यावरच झाले. ते पाणी इतके जड आहे की बादलीच्या काठाला पांढरी पुटे चढतात. मुरूम आणि सोलिंग व्यवस्थित झाले होते, परंतु प्लॅस्टिक अंथरल्याचे मला आठवत नाही. कोब्यावर सिमेंटचे वाफे करून दहाव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत पाणी भरून ठेवले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सीलर मारला. भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट आहे, त्यात काळी माती आहे आणि ती आमच्या अंगणापेक्षा फूटभर उंच आहे. वर, मध्ये की खाली हे कसे ओळखायचे, ते मला समजले नाही.


चुनखडी (१५ ऑक्टोबर)

मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून या प्रश्नाच्या आतल्या बाजूबद्दल थोडे लिहितो.

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना, मोकळा होतो. तो एका लिटर पाण्यात साधारण दीड ते पावणेदोन ग्रॅम विरघळतो. काँक्रीट कितीही दाट दिसले तरी त्यात केसाहून बारीक नलिका असतात आणि त्यांतून हे चुन्याचे पाणी पृष्ठभागाकडे सरकते. तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू होतो. खडू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून अंगण कितीही धुतले तरी हा थर जात नाही. ओला असताना फक्त पारदर्शक झाल्यासारखा वाटतो आणि वाळला की पुन्हा दिसू लागतो. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चुना गरम पाण्यापेक्षा थंड पाण्यात जास्त विरघळतो आणि गारव्यात बाष्पीभवन सावकाश होते, त्यामुळे पाण्याला पृष्ठभागापर्यंत पोहोचायला सवड मिळते. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी आतल्या आतच उडून जाते. पावसाळा संपल्यावर आणि थंडीत हा थर अधिक का दिसतो, याचे उत्तर त्यात आहे.

दुसरा प्रकार सोडियम आणि पोटॅशियमच्या सल्फेटांचा असतो. हे क्षार माती, विटा आणि जड पाणी यांतून येतात, पाण्यात सहज विरघळतात आणि कापसासारखे फुगीर दिसतात. सील केलेल्या काँक्रीटला खरा धोका यांच्यापासून आहे. सोडियम सल्फेट ३२.४ अंश सेल्सिअसच्या खाली पाण्याचे दहा रेणू जोडून घेते आणि त्याचे आकारमान तिपटीहून अधिक वाढते. सोलापुरात ऑक्टोबरची दुपार या तापमानाच्या वर असते आणि रात्र बरीच खाली जाते, म्हणजे ओल असेल तर स्फटिकांचे हे फुगणे-आकसणे वारंवार चालू राहू शकते. उघड्या काँक्रीटवर ते बाहेर फुलतात आणि झाडून टाकता येतात. वर सीलरचा पापुद्रा असेल तर ते त्याच्याखाली वाढतात, आणि पापुद्र्याबरोबर सिमेंटचा वरचा थरही उचलला जातो. आणखी एक हात मारण्याला माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठी.

ताई, पुढील चाचण्या घरी करता येतील. प्रत्येक डागावर वेगळी करा, कारण एका अंगणातले सगळे पांढरे डाग एकाच कारणाचे असतील असे गृहीत धरता येत नाही.

आधी कोरड्या डागावर पाण्याचा एक थेंब टाकून बोट फिरवा. पांढरे विरघळून गेले तर ते सल्फेटासारखे क्षार आहेत. तसेच राहिले तर स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे येऊन फसफसले तर तो कार्बोनेट आहे आणि तो सीलरच्या वर आहे. काहीच झाले नाही तर नाण्याच्या कडेने सीलर चण्याएवढ्या जागेत खरवडा आणि पुन्हा व्हिनेगर टाका. आता फसफसले तर क्षार सीलरच्या खाली आहे. तरीही काहीच झाले नाही आणि डाग दुधासारखा एकसंध दिसत असेल, तर क्षार नसून सीलरमध्येच ओल अडकलेली असण्याची शक्यता आहे. कापडाला थोडे झायलीन, म्हणजे सीलर विरघळवणारे द्रावक, लावून तळहाताएवढी जागा पुसून पाहा. पांढरेपणा गेला आणि वाळल्यावरही परत आला नाही, तर तो सीलरचा दोष समजावा. वाळल्यावर परत आला तर खाली क्षार आहे. झायलीन लगेच पेट घेते, म्हणून ही चाचणी करताना वृंदावनातला दिवा विझलेला असू द्या आणि जवळपास कोणालाही विडी-सिगारेट ओढू देऊ नका.


अक्कलकोट_रोड (१५ ऑक्टोबर)

वरच्या दोघांचा मान राखून थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या शेडपुढे माल उतरवायचे काँक्रीटचे आवार आहे. त्यावरचा सीलर दोन वर्षांपूर्वी असाच पांढरा पडला होता. आम्ही कोरड्या दिवशी रोलरने झायलीनचा एक हात फिरवला, जुना सीलर विरघळून पुन्हा बसला, वर एक पातळ हात दिला आणि त्यानंतर आजपर्यंत तक्रार आलेली नाही. त्यामुळे पुन्हा हात मारणे ही प्रत्येक वेळी चूकच असते असे मला वाटत नाही. ताईंच्या ठेकेदारांना सरसकट दोष देणे घाईचे होईल.


चुनखडी (१५ ऑक्टोबर)

आपला अनुभव खरा आहे आणि तो वरच्या शेवटच्या चाचणीत बसतो. आपल्या आवारात सीलरमध्ये ओल अडकून तो दुधाळ झाला असावा. अशा वेळी झायलीनने सीलर मोकळा होतो, ओल निघून जाते आणि तो पुन्हा पारदर्शक बसतो. खाली खडू साठलेला असता तर झायलीनचा त्यावर काहीही परिणाम झाला नसता आणि पांढरे तसेच राहिले असते. म्हणूनच चाचणी आधी हवी.


होटगी_रोडकर (१६ ऑक्टोबर)

मी जे केले ते कृपया कोणी करू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे काँक्रीटच्या पट्ट्या आणि मध्ये शहाबादी फरशी असे अंगण आहे. काँक्रीटवर असाच पांढरा थर आला होता. एका दुकानात मला संडास साफ करायचे ॲसिड घेऊन ओता असे सांगण्यात आले आणि मी ते पाणी न मिसळता ओतले. काँक्रीटवर सीलर असल्यामुळे तिथे काहीच झाले नाही, कारण ॲसिड सीलरखालच्या थरापर्यंत पोहोचलेच नाही. ते वाहत जाऊन शहाबादी फरशीवर थांबले. ही फरशी मुळात चुनखडीचाच दगड आहे, हे मला ठाऊक नव्हते. ती डोळ्यांदेखत फसफसली, दोन मिनिटांत तिची गुळगुळीत निळसर करडी तुकतुकी गेली आणि हाताला वाळूच्या कागदासारखा खरखरीतपणा लागू लागला. जिथे सीलर निघालेला होता तिथे सिमेंट खाल्ले जाऊन खडी उघडी पडली. ॲसिडच्या वाफेने लोखंडी गेटच्या खालच्या पट्टीवर आठवड्याभरात तांबेरा धरला. मला दोन दिवस खोकला होता.

कोटा फरशीही चुनखडीच्याच जातीची आहे, तिलाही हाच धोका आहे. ताई, आपल्या पायऱ्या कशाच्या आहेत हे आधी पाहून घ्या.


जाईजुई (१६ ऑक्टोबर)

मी बागेच्या बाजूने एक मुद्दा मांडते. ताईंच्या वृंदावनाला तळाशी पाणी निघायला नळी आहे का? आमच्याकडे कुंड्या थेट काँक्रीटवर ठेवल्या होत्या आणि प्रत्येक कुंडीखाली पांढरे वर्तुळ उमटले होते. रोज घातलेले पाणी मातीतून झिरपते, खताचे क्षार बरोबर घेते आणि कुंडीच्या बुडाशी ओल कायम राहते. आम्ही कुंड्या लोखंडी चौकटींवर टेकवल्या, प्रत्येकीखाली ताटली ठेवली आणि नवी वर्तुळे उमटायची थांबली. जुनी मात्र घासूनच काढावी लागली.


अंगणवासी (१९ ऑक्टोबर)

रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून चाचण्या केल्या. चुनखडी सरांचे म्हणणे खरे ठरले, कारण आमच्या एका अंगणात तीन नव्हे, चार वेगवेगळी उत्तरे निघाली.

पायऱ्यांवरचे डाग सीलरच्या वर आहेत. न खरवडता व्हिनेगर टाकले तरी लगेच फसफसले आणि पुसल्यावर खालचा तपकिरी रंग स्वच्छ दिसला. सासूबाई रोज पहाटे बोअरच्या पाण्याने सडा घालतात. ते पाणी वाळून राहिलेला हा थर आहे. पायऱ्या काँक्रीटच्याच आहेत, फरशीच्या नाहीत.

वृंदावनाभोवती व्हिनेगरने आधी काहीच झाले नाही. मग मी रुपयाच्या नाण्याने सीलर खरवडला. नखाएवढा पारदर्शक पापुद्रा निघाला, त्याच्या खालच्या बाजूला पांढरी पूड चिकटलेली होती आणि उघड्या झालेल्या खळग्यात थेंब टाकताच सोड्यासारखे बारीक बुडबुडे आले. वृंदावनाला तळाशी नळी नाही. रोज दोन तांबे पाणी घातले जाते आणि ते सगळे खाली कोब्यातच मुरते, हे जाईजुई ताईंनी विचारल्यावर प्रथमच आमच्या लक्षात आले.

भिंतीलगतच्या पट्ट्याचे पाहून वाईट वाटले. तिथे सीलर आधीच पोपड्यांसारखा सुटला आहे. खालचे पांढरे कापसासारखे मऊ आहे, पाण्याच्या थेंबाने लगेच विरघळले आणि व्हिनेगरने फसफसले नाही. दोन ठिकाणी पोपड्याबरोबर सिमेंटचा रंगीत थरही निघून आला आहे आणि खालचे करडे काँक्रीट दिसते.

हौदाच्या झाकणाभोवतीचा दुधाळपणा झायलीनने पुसल्यावर गेला आणि संध्याकाळपर्यंत परत आला नाही. तिथे अक्कलकोट रोडच्या दादांचे म्हणणे लागू पडते आहे.

आता पुढे काय करावे?


थापी_आणि_रंधा (२० ऑक्टोबर)

ताई, इतक्या नेटाने चाचण्या केल्यात याचे समाधान वाटले. आता पाण्याच्या वाटा एकेक करून बंद करू आणि मगच डागांना हात लावू. वाट उघडी ठेवून डाग घासला तर पुढच्या ओलीबरोबर नवा डाग येतो.

तुमच्या कोब्यात पाणी चार वाटांनी आले आहे. पहिले पाणी सुरुवातीपासून आतच होते. दहा दिवस पाणी भरून ठेवले ही चूक नव्हती, आय. एस. ४५६ : २००० या काँक्रीटकामाच्या भारतीय संहितेतही मिश्र सिमेंटला आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस पाणी मारावे असेच सांगितले आहे. चूक झाली ती त्यानंतर. पाण्याने तुडुंब झालेल्या कोब्यावर दुसऱ्याच दिवशी सीलरचे झाकण बसले. काँक्रीट ओतल्याच्या दिवशीच आतली ओल टिकवण्यासाठी मारायचे क्युअरिंग कंपाउंड वेगळे असते, त्याचा आणि या जाड चकाकीच्या थराचा संबंध नाही. असा थर द्यायचा तर २८ दिवस जाऊ द्यावेत आणि त्यानंतर कोबा खरोखर वाळला आहे का हे पाहावे, असे मी माझ्या माणसांना सांगतो. बोअरच्या पाण्याबद्दल म्हणाल तर त्याच संहितेत बांधकामाच्या पाण्यात सल्फेट किती चालते याची मर्यादा लिटरला ४०० मिलिग्रॅम दिली आहे. तुमच्या बोअरचे पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या, पुढच्या कामाला उपयोग होईल.

दुसरी वाट शेजारच्या प्लॉटची आहे आणि मला तीच सर्वांत त्रासाची वाटते. काळी माती पाणी धरून ठेवते, सगळीकडचा मुरूम वाळला तरी ती ओली असते, आणि ती तुमच्या कोब्यापेक्षा उंच आहे. ते पाणी भिंतीच्या पायातून विटांचे आणि मातीचे क्षार घेऊन तुमच्याकडे उतरते. कोबा भिंतीला चिकटलेला असेल तर भिंतीलगत सहा इंचांची पट्टी कटरने कापून काढा, खाली थोडे खोल खणून खडी भरा आणि तिचा उतार गेटबाहेरच्या गटाराकडे द्या. प्लॉटमालकांना विनंती करून पलीकडून एक चर काढता आला तर उत्तमच. हे काम दिवाळीनंतर लगेच करा.

तिसरी वाट वृंदावनाची. त्याला बुडाशी नळी काढून ती कोब्याच्या बाहेर सोडा. चौथी वाट सड्याची आहे आणि तिथे मी काही सुचवावे असे मला वाटत नाही.


चुनखडी (२० ऑक्टोबर)

साफसफाईचा क्रम मी सांगतो, कारण इथे क्रम चुकला की नुकसान होते.

भिंतीलगतचा क्षार पाण्यात विरघळणारा आहे, म्हणून तो धुवू नये. धुतल्यावर तो विरघळून परत काँक्रीटमध्ये मुरतो. कोरड्या कुंचल्याने झाडून सुपलीत गोळा करावा आणि बाहेर टाकावा. खडीची पट्टी झाल्यानंतरही काही आठवडे नवा क्षार फुलत राहील. तो दर आठवड्याला असाच कोरडा झाडावा. आपल्याकडची कोरडी हवा या कामात फार मोलाची आहे.

वृंदावनाभोवती आधी सीलर काढावा लागेल. झायलीनपेक्षा रंग काढायचा लेपासारखा स्ट्रिपर वापरल्यास आगीचा धोका कमी असतो आणि तो ठशांच्या खाचांतही बसतो. लेप लावून डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा, मग नायलॉनच्या कडक कुंचल्याने घासावे. तारेचा ब्रश टाळा, त्याचे तुटलेले तुकडे काँक्रीटमध्ये रुतून गंजाचे डाग पडतात. उघडा झालेला खडू आधी कोरडा घासावा आणि उरेल तेवढ्यासाठीच सौम्य आम्ल घ्यावे. माझी पसंती व्हिनेगर किंवा सल्फॅमिक आम्लाला आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचीच वेळ आली तर एक भाग आम्ल वीस भाग पाण्यात, तेही नेहमी पाण्यात आम्ल टाकून. आम्लात पाणी कधीही टाकू नये. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेले कोणतेही द्रावण जवळपास नसावे, दोहोंच्या संयोगाने विषारी क्लोरीन वायू निघतो. आम्ल लावण्याआधी काँक्रीट साध्या पाण्याने ओले करावे, म्हणजे आम्ल खोल न शिरता वरच्या थरावरच काम करते. फसफसणे थांबले की लगेच भरपूर पाणी, मग धुण्याच्या सोड्याचे पाणी, आणि पुन्हा साधे पाणी. शेवटचे धुणे शक्य असेल तर नळाच्या पाण्याने करा, नाहीतर बोअरचे क्षार पुन्हा वर बसतील. रंगीत कोब्यावर आम्लाने छटा बदलू शकते, म्हणून आधी वृंदावनामागे, जिथे नजर जात नाही तिथे, वीतभर जागेवर करून पाहा.

पायऱ्यांवर सीलर शाबूत आहे, तिथे निम्मे पाणी मिसळलेले व्हिनेगर आणि मऊ कापड पुरे आहे.


अंगणवासी (२१ ऑक्टोबर)

सर, हे सगळे मी वहीत उतरवून घेतले आहे. शेवटी पुन्हा सीलर मारायचा की नाही आणि मारायचा तर कोणता, एवढे राहिले.


चुनखडी (२१ ऑक्टोबर)

दोन जाती आहेत. ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी हे पृष्ठभागावर पापुद्रा धरतात. त्यांना चकाकी असते, परंतु खालची ओल वर यायला वाट राहत नाही किंवा फार कमी राहते. इपॉक्सी तर उन्हाने पिवळे पडते, त्यामुळे अंगणासाठी ते सोडूनच द्यावे. दुसरी जात सायलेन-सायलोक्झेनची. हे द्रव काँक्रीटमध्ये शिरतात आणि नलिकांच्या आतल्या भिंती पाणी न धरणाऱ्या करतात. वरून पडलेले पाणी मण्यांसारखे घरंगळते, आणि आतली वाफ मात्र बाहेर जाऊ शकते. तुमच्यासारख्या खालून ओल येणाऱ्या कोब्याला माझ्या मते हीच जात योग्य आहे. मात्र चकाकी अजिबात मिळणार नाही आणि तपकिरी रंग पूर्वीपेक्षा फिका, कोरडा दिसेल, हे आधीच मान्य करावे लागेल.

मारण्याआधी ओल तपासा. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि किमान १६ तास ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट गडद झालेले असले तर थांबा. ही चाचणी सीलर काढलेल्या जागीच करावी, कारण सीलर शाबूत असलेल्या जागी ओल अडून राहते आणि प्लॅस्टिक कोरडे दिसून फसगत होते.


अक्कलकोट_रोड (२१ ऑक्टोबर)

यात एक भर घालतो. काम कोणत्याही जातीने करा, पण मेच्या दुपारी करू नका. तापलेल्या काँक्रीटवर सीलर वरून लगेच वाळतो आणि खालची हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकते. हे बुडबुडेही दुरून पांढऱ्या डागांसारखेच दिसतात. आमच्या आवाराच्या पश्चिमेकडच्या भागात हे झाले आहे. फेब्रुवारीची सकाळ उत्तम.


अंगणवासी (३ मार्च)

मधल्या चार महिन्यांत काय झाले ते लिहिते, कारण उत्तर मिळाल्यावर धागा अर्धवट सोडून देणे मला बरे वाटत नाही.

दिवाळीनंतर भिंतीलगतची पट्टी कापली. कटरने पहिली रेघ मारली तेव्हा निघालेला चुरा कोरडा धुळीसारखा होता, आणि दोन इंच खाली गेल्यावर तोच चुरा ओला होऊन पात्याला चिकटू लागला. पाऊस थांबून महिना उलटला होता तरी आत इतकी ओल होती. खाली प्लॅस्टिक नव्हते, हेही तेव्हा स्पष्ट झाले. खडी भरली, उतार शंभराला एक ठेवला. प्लॉटमालकांनी चर काढू दिला, त्यांचे मनापासून आभार मानते.

डिसेंबरभर दर शनिवारी भिंतीलगत कोरडे झाडले. पहिल्या शनिवारी सुपली भरून पांढरी पूड निघाली. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या निम्मीही नव्हती आणि संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू असताना, कुंचल्याला काहीच लागेनासे झाले. वृंदावनाला नळी काढली. तिथला सीलर काढताना थोडा रंगही गेला. सल्फॅमिक आम्ल एकदाच वापरावे लागले. नंतर मुलांनी हट्टाने संपूर्ण अंगणाचाच सीलर काढायला लावला, म्हणजे एक भाग चकचकीत आणि एक कोरडा असे दिसायला नको.

प्लॅस्टिकची चाचणी जानेवारीच्या अखेरीस पहिल्यांदा केली तेव्हा भिंतीजवळच्या तुकड्यात थेंब होते, म्हणून आणखी तीन आठवडे थांबलो. दुसऱ्या वेळी तिन्ही तुकडे कोरडे निघाले. मग सायलेन-सायलोक्झेनचा हात दिला. अंगण आता साध्या मातकट दगडासारखे दिसते. वास्तुशांतीची चमक गेली, याचे सासूबाईंना थोडे वाईट वाटले. मला मात्र ओल्या अंगणात त्यांचा पाय घसरण्याची भीती उरली नाही, हे अधिक मोलाचे वाटते. सड्यासाठी नळाच्या पाण्याची एक घागर वेगळी भरून ठेवतो.

भिंतीजवळ जिथे सिमेंटचा थर निघून आला होता, ते दोन डाग तसेच आहेत. ठेकेदारांना सगळे दाखवले. त्यांनी हे मान्य केले की अकराव्या दिवशी सीलर मारायला नको होता. आमची तारीख आडवी आली होती, हेही तितकेच खरे आहे.


अंगणवासी (२८ सप्टेंबर)

पावसाळ्यानंतरची शेवटची नोंद. गेल्या आठवड्यात तीन दिवस चांगला पाऊस झाला. आज आठव्या दिवशी सकाळी ऊन तिरपे पडलेले असताना संपूर्ण अंगण वाकून पाहिले. भिंतीलगत काही नाही, हौदाभोवती काही नाही. वृंदावनाच्या मागे बोटभर रुंदीची फिकट पांढरी रेघ आली आहे. तिच्यावर थेंब टाकला तर फसफसली.


थापी_आणि_रंधा (२८ सप्टेंबर)

ताई, नवा कोबा पहिली दोन वर्षे थोडा चुना टाकतच राहतो, त्याची काळजी करू नका. ती रेघ धुवू नका, आम्लही नको. वाळू द्या आणि कोरडी झाडा. एकदा वृंदावनाची नळी मातीने तुंबली नाही ना, एवढे पाहून घ्या.


अंगणवासी (२९ सप्टेंबर)

दादा, नळी तुंबलीच होती. मंजिऱ्या आणि माती मिळून तोंडाशी बोळा झाला होता. तो काढल्यावर तांब्याभर साचलेले पाणी बाहेर आले. नळीच्या तोंडाला आतून जाळी बसवली आहे.